घोरणं थांबलं की

मंडळी, आजच घडलंय, म्हणून लगेच लिहितेय.

माझा नवरा तारापूरला कंपनीत आहे. रात्रपाळी करून आला की दिवसा झोपतो. झोपेत श्वास अडकतो म्हणून नाकावर मास्क लावून, मशीनच्या हवेवर झोपायचा. यंदा त्याने वजन बरंच उतरवलं. चेहरा बारीक झाला, मास्क सैल पडून शिट्टी वाजायला लागली. महिन्यापूर्वी त्याने मशीन कपाटावर टाकलं. "आता बारीक झालो, कशाला पायजे?"

आज दुपारी सासूबाई आणि मी ओट्यावर सुके बोंबील साफ करत होतो. आतलं घोरणं थांबलं. सासूबाई हसल्या, "वजन उतरला ना, आता घोरत पन नाय जास्ती."

मी सूप आणायला आत गेले. त्याची छाती धडपडत होती, पण नाकाखाली हात धरला तर हवाच नाही. गदागदा हलवलं, तेव्हा बुडालेला माणूस पाण्यावर यावा तसा आवाज करत उठला.

पालघरच्या डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, वजन उतरल्यावर मशीनचा दाब बदलावा लागू शकतो, मास्कही. पण तपासणीशिवाय बंद करायचं नाही.

मशीन खाली काढलंय. पण महिनाभर रोज ते घोरणं थांबायचं, आणि आम्हा दोघींना बरं वाटायचं.

तेव्हा तो किती वेळा बुडाला असेल?