काऊबॉयची गिटार

मी मूळचा दारं-खिडक्यांचा सुतार. नव्वदीच्या दशकात नालासोपाऱ्यात, तुळिंजकडे इमारती भराभर उभ्या राहत होत्या, आणि त्यांच्या चौकटी करता करता आमच्या वसईच्या गावातला माझा कारखाना कायम भुशाने भरलेला असायचा. अधूनमधून चर्चची बाकं, वेदीची डागडुजी, आणि गावात कोणी गेलं की पेटी. एवढी कामं मला यायची आणि तेवढ्यावर माझं बरं चाललं होतं. गिटार करायची दुर्बुद्धी सुचली ती एका मित्रामुळे.

हा मित्र मुंबईत सरकारी कचेरीत कारकून होता आणि सुट्टीच्या दिवशी गिटारवर कंट्री वाजवायचा. आमच्या ख्रिस्ती गावांत लग्नाच्या मांडवात कंट्री गाणी लागतातच. अमेरिकेतल्या गुराख्यांची ती गाणी आमच्या म्हाताऱ्यांना आपल्याच वाडीतली वाटतात. हा पठ्ठ्या भर मे महिन्यात रुंद काठाची टोपी घालून, घामाने निथळत वाजवायला बसायचा. मी त्याला काऊबॉय म्हणायचो, तो मला मेस्तरी. शाळेपासूनची ओळख, त्यामुळे आदरबिदर काही नव्हता.

त्याच्या जुन्या गिटारची मान मी दोनदा चिकटवून दिली होती. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मेस्तरी, नवीनच कर ना."

मी केली. मान जुन्या दाराच्या सागवानी चौकटीतून काढली. पाठ आणि बाजू आमच्या अंगणातल्या शिवणीच्या. पुढची पातळ फळी मात्र पाइनची, वसई पूर्वेच्या कारखान्यांत मशिनं ज्या खोक्यांतून यायची त्यातली. सगळं उत्तम जुळवलं आणि त्याच्या हातात दिलं. त्याने एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाला, "गिटार केलीस की पलंग?"

माझं डोकंच फिरलं. पण त्याचं खरं होतं. दार करणारा माणूस मजबूत करायला जातो, आणि मी आतून इतक्या जाड पट्ट्या मारल्या होत्या की वर कोणी झोपलं असतं तरी चाललं असतं. मग कित्येक रविवार आमचं एकच काम. तो वाजवायचा, मी गोल भोकातून हात घालून आतल्या पट्ट्या घासून बारीक करायचो.

"आवाज घशातून येतोय, पोटातून काढ."

"गिटारला पोट कुटं असतं रे?"

"हे इथं," म्हणून तो अंगठ्याने सगळ्यात जाड तार ठोकायचा. कंट्रीत सगळी मदार त्या अंगठ्यावर. अंगठा खाली ठेका धरतो आणि बोटं वर गाणं म्हणतात. एका रविवारी अंगठ्याचा तो ठोका फळीतून थेट माझ्या कामाच्या बाकापर्यंत आला, त्यावरची पटाशी हलली. तो नुसता वाजवत राहिला. मला इतका आनंद झाला की मी उगाचच त्याच्यावर ओरडलो, आता पुरे, माझी चौकट राहिलीय म्हणून.

त्या गिटारवर त्याने गावोगावची लग्नं गाजवली. कोणी विचारलं तर सांगायचा, "आमच्या मेस्तरीची आहे." मी जवळपास असलो तर तेच जरा मोठ्याने.

आणि मग एकाएकी तक्रारी सुरू झाल्या. तारा उंच झाल्यात, दाबायला जड जातात, खाली घे. तारा जिच्यावर टेकतात ती घोडीवरची हाडाची पट्टी मी घासून तारा खाली घेतल्या. पुढच्या आठवड्यात परत हजर. अजून खाली. मी अजून घासली. शेवटी तारा इतक्या खाली आल्या की वाजवताना मानेवरच्या पडद्यांना लागून माशीसारख्या गुणगुणायला लागल्या, आणि हा तरी म्हणतो, जड आहे.

मान वाकली असेल, लाकडाने पाणी ओढलं असेल, म्हणून मी गिटार शंभर वेळा डोळ्याला लावून पाहिली. मान सरळ. सांधे घट्ट. कुठेच काही सापडेना आणि माझा संताप संताप व्हायला लागला. हातात आलेल्या चौकटीही मी रागाने ठोकायला लागलो होतो. त्यात त्याने लग्नं घेणं बंद केलं. कचेरीत काम वाढलंय म्हणाला. गावात मात्र बोललं जाऊ लागलं की मेस्तरीची गिटार बसली, म्हणून काऊबॉय बसला. मला तोंड दाखवायची लाज वाटायची. आणि खरी भीती वेगळीच होती. हा वाजवायचा थांबला तर तो कोण राहील, हे मला कळत नव्हतं.

आमच्याकडे मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, शांतीची वेळ येते तेव्हा आजूबाजूच्या माणसांकडे वळून हात जोडायचे आणि "शांती असो" म्हणायचं. बाहेरदेशी हात मिळवतात म्हणे, आपल्याकडे नमस्कारच. काऊबॉय गेले काही महिने मागच्या दारापाशी उभा राहायचा. एका रविवारी उशिरा आला आणि मागे गर्दी म्हणून माझ्याच बाकात शिरला. शांतीची वेळ आली. त्याने गीतांचं पुस्तक डाव्या हातात घट्ट धरून नुसती मान हलवली. मी मुद्दाम हात जोडून त्याच्यासमोर तसाच उभा राहिलो. देवाच्या घरात तरी माझ्यावरचा राग सोड, असं मला म्हणायचं होतं. शेवटी त्याने पुस्तक बगलेत धरलं आणि हात जोडले. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं उजव्या हाताला लागलीच नाहीत. ती तळव्याकडे वळून तशीच राहिली होती.

मिस्सा संपल्यावर मी त्याला चर्चबाहेरच्या क्रूसाजवळ गाठलं. "हात दाकव."

"काही नाही रे."

"दाकव म्हनतो ना!"

त्याने दाखवला. बोटं हळूहळू आखडत गेली होती. डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन करता येईल, पण पहिल्यासारखी होतील याची खात्री नाही. हे त्याने घरीही धड सांगितलं नव्हतं.

"मंग माझ्या गिटारला कशाला नावं ठेवत होतास?"

तो खाली बघत म्हणाला, "गिटार दुरुस्त होते ना, म्हणून."

खरं सांगतो, मला आधी हायसं वाटलं. गिटार चांगली होती! कित्येक महिन्यांचं ओझं तिथल्या तिथे उतरलं. मग त्या बोटांकडे पुन्हा नजर गेली आणि रडू आलं. रडू आलं की मी चिडतो, तसा चिडलो. "तुज्या त्या कंट्रीच्या कॅसेटीत एक वाद्य रडतं बघ, ते कसं वाजवतात?"

"मांडीवर आडवं ठेवतात. तारा दाबायच्या नाहीत, वरून लोखंड सरकवायचं."

"मंग तेला ही दोन बोटं कशाला लागतात?"

तो म्हणाला, "या वयात परत शिकू? आणि तारा पार उंच कराव्या लागतात. तुझी चांगली गिटार मोडायला कसं सांगू तुला?"

"गेलं वर्सभर दुसरं काय केलंस?" मी म्हणालो. तो हसला, बऱ्याच दिवसांनी.

त्याच दुपारी कामाला लागलो. जी पट्टी घासून घासून कागदाएवढी केली होती ती काढून फेकली आणि तारांच्या दोन्ही टोकांना बोटभर उंच हाड बसवलं. लोखंड म्हणून तुळिंजच्या फ्लॅटसाठी आणलेल्या कडीची गोल दांडी कापली आणि पॉलिश करून दिली. ती डाव्या हाताच्या अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत बरोबर बसली. वळलेली बोटं मागे निवांत पडून राहिली. पहिला सूर मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आला. दुसराही. पण उजवा अंगठा तोच होता, खालचा ठेका त्याने सोडला नाही. संध्याकाळपर्यंत एक ओळ ओळखू आली आणि मी रंधा खाली ठेवला.

पावसाळ्यानंतरच्या पहिल्या लग्नात तो टोपी घालून, गिटार मांडीवर आडवी घेऊन बसला. लोक कुजबुजले. मी जेवणाच्या टेबलामागे लपलो. मग ती तार रडली आणि नाचणारे थोडे थांबले, आणि पुन्हा नाचायला लागले. मी निवांत दोन ताटं जेवलो.

पुढच्या रविवारी तो आपणहून माझ्या बाकात आला. शांतीची वेळ झाली. पुस्तक त्याने बाकावर ठेवलं, माझ्याकडे वळला आणि वाकडी बोटं सगळ्यांना दिसतील असे हात छातीशी जोडले. मी म्हणालो, "शांती असो."

"शांती असो," तो म्हणाला, आणि जरा पुढे वाकून हळूच, "मेस्तरी, तारा अजून थोड्या उंच कर."