वातीनं काढलेली शिंक

माझ्या हातून आयुष्यात लबाड्या पुष्कळ झाल्या, पण सगळ्यांत मोठी लबाडी नाकातून झाली. तिच्याबद्दल मी कधी कुणाची माफी मागितली नाही आणि ज्यांची मागायची ते आता राहिले नाहीत. म्हणून लिहून टाकते.

आणीबाणी उठून वर्ष व्हायचं होतं. आमचं गाव आंबागडच्या डोंगरापासून कोसभरावर. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची, मॅट्रिक होऊन घरी बसलेली. वडील मी लहान असतानाच वारले, त्यामुळे त्यांच्या थोरल्या भावानं, म्हणजे माझ्या मोठेबाबांनीच मला वाढवलं. मोठेबाबांना दोन गोष्टी जन्माच्या चिकटलेल्या होत्या. एक दमा आणि दुसरा बैलांच्या शर्यतीचा, म्हणजे शंकरपटाचा नाद. दम्याला ते कधी मोजत नसत. पट मात्र त्यांनी कधी चुकवला नव्हता. त्या वर्षी तर मोहाडीकडच्या मोठ्या पटात त्यांची स्वतःची जोडी पहिल्यांदा धावणार होती. बैलांना सरकी आणि कच्ची अंडी चालली होती. आम्हा माणसांना वरण-भात.

त्याच हिवाळ्यात पेपरात आलं की रशियाचा ताप आपल्या देशात आला. पेपर गुरुजींकडे यायचा, तोही एक दिवस शिळा. गुरुजी बौद्ध मोहल्ल्यात राहायचे, गावच्या शाळेत शिकवायचे आणि संध्याकाळी आमच्या सपरीत, म्हणजे ओसरीवर, बसून मोठेबाबांशी वाद घालायचे. दोघं लहानपणी एका वर्गात होते आणि तिथला कुठला तरी वाद अजून मिटायचा होता.

गुरुजींनी बातमी वाचली. मोठेबाबांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "रशिया कोठं आन् आपन कोठं, गुरुजी? आपल्या गावाले तुमसरची मोटार धड येत नाई, रशियाचा ताप कोठून येईन?"

"तापाले मोटार लागत नाई," गुरुजी म्हणाले. "मानूस शिंकते, खोकलते, त्याच्यातून येते तो."

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर या तापाचा पूर्ण रस्ता ठरून गेला. आमच्याकडच्या खाणीतलं मँगनीज भिलाईला जातं, तिथं रशियाचे इंजिनीयर असतात, म्हणजे मालगाडीचे रिकामे डबे परत येताना त्यांतूनच ताप येत असणार. दुसरा पक्ष म्हणत होता की ताप-बिप काही नाही, नसबंदीची मोहीम नवीन नाव घेऊन आली आहे. हा पक्ष मोठा होता. त्यामुळे दवाखान्याचा माणूस सायकलवर गोळ्या घेऊन आला, तेव्हा गावातले सगळे बाप्ये धानाच्या पुंजण्यांच्या ढिगांमागे जाऊन बसले. गोळ्या बायकांनी घेतल्या. आमच्या शेजारणीनं आधी एक गोळी कोंबडीला चारून पाहिली. कोंबडीला काहीच झालं नाही, तेव्हा या गोळीत काही दम नाही असं ठरलं आणि उरलेल्या गोळ्या चुलीत गेल्या.

मीही हसत होते. मग बाजूच्या गावचा एक म्हातारा गेला. तो मोठेबाबांचा पटातला सोबती, त्यांच्याच वयाचा आणि त्यांच्यासारखाच दम्याचा. मंगळवारी ताप आला आणि शनिवारी माणूस गेला. मोठेबाबा मातीला जाऊन आले, अंघोळ केली आणि म्हणाले, "तेचं वयच झालं होतं." दोघांचं वय एकच होतं हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

मी गुरुजींना विचारलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "बाई, जवान मानूस आठ दिवसात उठते. पन दमेवाल्याच्या छातीत हा ताप बसला तं मोठं कठीन. पटात तं दहा गावचे लोक, एकाच्या तोंडावर एक. तुया मोठ्या बापाले जाऊ देऊ नोको."

मी मोठेबाबांना सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा रडूनही पाहिलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बैलांची शिंगं रंगवायला निघून गेले. पट चार दिवसांवर आला होता. मला रात्री त्यांच्या छातीची शिट्टी ऐकू यायची आणि ती ऐकू येते आहे याचंच बरं वाटायचं. मी खरोखर घाबरले होते.

आता आमच्या घरचा कायदा सांगते. कुणी बाहेर निघालं आणि मागून शिंक आली, तर त्यानं परत यायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि मग निघायचं. दुसऱ्यांदा निघताना पुन्हा शिंक आली, तर त्या दिवशी जाणं रद्द. लग्न असो की कोर्ट असो. याला एकच सूट होती. सर्दी झालेल्या माणसाची शिंक धरत नसत. मोठेबाबांनी हा कायदा जन्मभर पाळला. रशियाच्या तापावर त्यांचा विश्वास नव्हता, शिंकेवर पूर्ण होता. गुरुजी याच गोष्टीवर त्यांच्याशी वीस वर्षं भांडत आले होते, कारण त्यांच्या मोहल्ल्यानं धर्म बदलला तेव्हाच असल्या गोष्टी घराबाहेर काढल्या होत्या.

मोहाडीचा बाजार आला. मोठेबाबा बैलांसाठी घुंगरू आणायला निघाले. बाजार म्हणजे पटाचीच तयारी, आणि गर्दीही तशीच. मी देवघरात गेले. माझी मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, कापसाच्या वाती वळून पितळेच्या डबीत ठेवायची. त्यातली एक कोरी वात घेतली, दाराआड उभी राहिले आणि वात नाकात घातली.

अशी शिंक आली की डबीचं झाकण पडलं.

मोठेबाबा उंबऱ्यावरून मागे फिरले. खाटेवर बसले. मोठ्या आईनं पाणी दिलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"बाई, तुले सर्दी झाली का?"

"नाई."

"बरं," ते म्हणाले. पाणी पिऊन पुन्हा उठले. मी पुन्हा वात घातली. बाजार रद्द झाला.

खोट्या शिंकेचीही सवय लागते. पहिल्या दिवशी वात आत घातल्यावर दहा आकडे मोजावे लागायचे, तिसऱ्या दिवशी नुसती वात दिसली तरी नाक तयार. त्या तीन दिवसांत मोठेबाबा जोडी पळवून पाहायला शेजारच्या गावी जाऊ शकले नाहीत, शर्यतीच्या लोकांना भेटू शकले नाहीत. मोठी आई म्हणायला लागली की या पोरीला कुणाची तरी नजर लागली. तिनं माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. तेव्हा मला एक खरी शिंक आली, पण तेव्हा कुणी कुठं निघालेलं नव्हतं, त्यामुळे ती वाया गेली.

पटाच्या आदल्या दिवशी गुरुजींनी मला पकडलं. मी दाराआड, वात नाकात, आणि ते मागच्या अंगणातून पेपर घेऊन येत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वातीकडे पाहिलं आणि हातातला पेपर खाली केला.

"मी याच्याविरुद्ध वीस वर्सं बोलून राहिलो," ते हळूच म्हणाले.

"मालूम आहे, गुरुजी."

"हे लय वाईट आहे. अंधश्रद्धा आहे."

"हो, गुरुजी."

सपरीतून मोठेबाबांचा खोकला ऐकू आला. "पट तीन दिवस आहे," गुरुजी म्हणाले, "वाती पुरतीन ना?"

पटाच्या दिवशी सकाळीच गाडी जुंपली. शर्यतीची जोडी मागे बांधली. बैलांच्या पाठीवर नवी झूल होती. मोठेबाबांनी धुतलेलं धोतर नेसलं, पिवळा फेटा बांधला. इतके सुंदर दिसत होते की मला माझाच राग आला. त्यांनी देवाला हात जोडले आणि उंबऱ्यावर पाय ठेवला. मी शिंकले. ते परत आले, बसले, पाणी प्यायले. बाहेर माझा मोठा चुलतभाऊ गाडीवर बसून वाट पाहत होता. मोठेबाबा उठले, दारापर्यंत गेले आणि तिथं थांबले. पाठमोरे, दोन्ही हात चौकटीला धरून. वाट पाहत असल्यासारखे. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते सगळंच वातीमुळे नव्हतं. मी शिंकले.

त्यांनी फेटा काढून खुंटीला अडकवला. मुलाला म्हणाले, "तू घेऊन जा जोडी. उजव्या बैलाले पयले पानी पाज." मग तीन दिवस, पुन्हा निघायचं नावही न काढता, ते सपरीत बसून रस्त्याकडे पाहत होते. पटाहून येणाऱ्या प्रत्येकाला लांबूनच जोडीबद्दल विचारायचे. जेवले थोडं. माझ्याशी नीट बोलले, तेच जास्त लागलं.

जोडी तिसरी आली. भाऊ बक्षिसाची घागर घेऊन आला आणि सोबत रशियाचा तापही घेऊन आला. आठ दिवसांत गावातली अर्धी घरं झोपली. पानठेला बंद पडला. नसबंदीवाला पक्ष पांघरुणात कण्हत होता आणि शेजारणीनं मला विचारलं की दवाखान्यातून त्या गोळ्या पुन्हा मिळतील का. भावाला गुरुजींनी गोठ्याशेजारच्या खोलीत झोपवायला लावलं आणि मी ताट दारात ठेवून यायची. मोठेबाबांना काही झालं नाही. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईला मात्र त्या तापानं नेलं. त्या दिवसानंतर मला हसू यायचं थोडं कमी झालं.

ताप ओसरल्यावर मोठेबाबांनी निकाल सांगितला. "पाहा गुरुजी, शिंकेनं वाचवलं मले. तुमचा पेपर काय कामाचा?"

गुरुजींचा चेहरा लाल झाला. वीस वर्षांचा वाद ते माझ्यापायी हरले होते आणि त्यांना खरं सांगताही येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. मी घाईनं चहा ठेवायला गेले.

याचा सूड त्यांनी वेगळ्या तऱ्हेनं घेतला. भंडाऱ्याच्या नर्स-ट्रेनिंगचा फॉर्म आणला आणि मला न विचारता भरला. म्हणाले, इतक्या चांगल्या कामासाठी इतकं साफ खोटं बोलणारी मुलगी दवाखान्यातच पाहिजे. पत्र आलं, आणि धानाची रोवणी सुरू व्हायच्या आधी मी निघाले.

पेटी गाडीत ठेवली. मोठ्या आईच्या, मोठेबाबांच्या पाया पडले. भाऊ बाहेर थांबला होता. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि मागून शिंक आली.

माझा शिंकेवर विश्वास नव्हता. बाकी कुणाचा असला तरी माझा तर नसायलाच हवा होता. पण पाय मागे आला. मोठेबाबा खाटेवर बसले होते, डोळे पाण्यानं भरलेले, नाकाचा शेंडा लाल.

"तुमाले सर्दी झाली का?" मी विचारलं.

"नाई."

त्यांची उजवी मूठ बंद होती. मी ती उघडली. आत कोरी वात होती.

मी खाली बसले. "कधीपासून मालूम होतं?"

"पयल्या दिवशीच. तुया नाकाले कापूस चिकटून होता."

"मंग पटाले काहून नाई गेले?"

त्यांनी वात उलगडून पुन्हा वळली. "शिंक कोनाची आहे, तेबी पाहा लागते," ते म्हणाले. मग मोठ्या आईला हाक मारून पाणी मागवलं आणि तांब्या माझ्या हातात दिला. "पे. एकच शिंकलो मी. एका शिंकेले थोडंसंच बसा लागते, मंग जाता येते."

मी पाणी प्यायले, जितकं हळू पिता येईल तितकं हळू. मग उठले, दारापर्यंत गेले आणि तिथं चौकट धरून उभी राहिले, पाठमोरी. बराच वेळ उभी होते. दुसरी शिंक आली नाही.