नव्या पॅडचा वास

आज माझ्या छोट्या गाडीला बाजारातले नवे ब्रेक पॅड टाकले आणि ते चाकाच्या तबकडीवर घासून नीट बसावेत म्हणून रनाळ्याच्या सपाट रस्त्यावर निघालो. वेग घ्यायचा, हळू ब्रेक दाबायचा, मग थंड होऊ द्यायचं. दहाव्या वेळी तो जळका वास आला आणि धडगावचा घाट आठवला.

तेव्हाही पॅड असेच नवे होते. शेजारी आप्पा, माझे वडील. त्यांनी वीस वर्षं त्याच घाटात जीप चालवलेली.

"भो, पयले सपाट रस्तावर पॅड बसाड, मंग घाट उतर."

"आप्पा, मी बी.एस्सी. शे. माले नका शिकाडू." घराण्यातला पहिला पदवीधर होतो मी, त्याचा अभिमान आजही आहे.

तिसऱ्या उतारावर वास आला. पेडल दाबूनही गाडी थांबेना. आप्पांनीच हँडब्रेक ओढला, कठड्यापाशी थांबलो. ते ओरडले नाहीत. "मी जीपमा येस," एवढंच म्हणाले आणि उतरून प्रवासी जीप धरायला चालू लागले.

पुन्हा ते माझ्या गाडीत बसलेच नाहीत. शेवटच्या आजारात दवाखान्यातही रिक्षानेच गेले.

आज ब्रेक दाबला तिथेच गाडी थांबली. रिकाम्या सीटकडे बघून म्हणालो, "आप्पा, पॅड बसी ग्यात."