वडिलांचा राजीनामा

माझे वडील निजामाच्या काळात कोर्टात पेशकार होते. सगळं शिक्षण उर्दूत. विलीनीकरणानंतर मराठीत लिहायला लागले, तरी शब्द जुनेच राहिले. एखाद्या गोष्टीला आपण राजी आहोत असं लिहून दिलं, की त्या कागदाला ते राजीनामा म्हणत. आमच्या घरात त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता.

मी येडशीच्या शाळेत शिकवत होते तेव्हा आईला क्षय झाला. त्याच वर्षी पुण्याकडचं डॉक्टरांचं पथक आलं. नव्या गोळ्यांचा किती गुण येतो याचा त्यांना अभ्यास करायचा होता. जो स्वतःहून नाव देईल त्याला दर पंधरा दिवसांनी तपासणार, वजन करणार, गोळ्या हातात देणार. आमच्या दवाखान्यात गोळ्या आल्या तर आल्या! त्यांनी आईचं नाव घेतलं, थुंकी घेतली. घरच्यांची तयारी आहे एवढं लिहून द्या, म्हणाले.

बाकीच्यांनी अंगठे उठवले. वडिलांना ते कसलं पटतंय! दौत-टाक घेऊन बसले आणि लिहिलं, ‘सदर अभ्यासाबाबत मी स्वखुशीने राजीनामा देत आहे.’ मी तो वाचला, झकास म्हटलं आणि स्वतः नेऊन दिला. मास्तरीण म्हणे मी!

पथकाची जीप आली. शेजारच्या काकूंना पुकारलं, आईला नाही. वाटलं, पुढच्या खेपेला. आई धुतलेलं लुगडं नेसून ओट्यावर बसायची. अशा चार खेपा गेल्या. काकूंचं वजन वाढलं, खोकला बसला, त्या पुन्हा जात्यावर बसायला लागल्या. डॉक्टर त्यांची छाती ऐकायचे, डोळे बघायचे, रक्त कमी आहे म्हणून त्याचंही औषध द्यायचे. मला काकूंचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

शेवटी मी जीप अडवली. कारकुनानं वही उघडली.

"बाई, तुमच्या वडिलांनीच राजीनामा दिलाय की. नाव कमी केलं आम्ही."

मी समजावलं, भांडले, रडले. डॉक्टर माणूस चांगला होता, पण यादी बंद झाली होती. मधूनच कुणाला घेतलं तर अभ्यास बिघडतो, म्हणाले. त्यांनी सरकारी दवाखान्याला चिठ्ठी दिली. ती घेऊन मी धाराशिवला गेले. तिथं गोळ्या संपल्या होत्या. पुढच्या महिन्यात या, म्हणाले.

घरी आले तर आईला उठून बसवत नव्हतं. वडील उशाशी होते.

"काय म्हणाले गं?"

"तुमचा कागद गहाळ झाला म्हणे." माझ्या तोंडून दुसरं काही निघेना.

"एवढंच व्हय? मग आणखी एक राजीनामा लिहून देतो की!" त्यांनी टाक काढला.

आई कितीतरी दिवसांनी हसली. "नीट लिहा हो," म्हणाली.

"लिहा," मीही म्हटलं.

आई गेली तेव्हा तो कागद माझ्या शाळेच्या पिशवीतच होता.