शैलाचे गमबूट

शैला गेल्याचा फोन निगडीहून आला तेव्हा मी टँकरच्या रांगेत होते. पुढची बाई म्हणाली, "कोण गेलं?" म्हटलं, "शैला. माझी भाची." "ती जलपर्णीबाई व्हय?" म्हणत तिनं हंडा पुढं सरकवला. मीही सरकवला. रांग सोडून शैला परत येणार नव्हती.

उपग्रहानं वरून काढलेले फोटो बघून कुठल्या शिवारात ओल आहे, कुठं टँकर लागेल, हे शैला कचेरीला सांगायची. मी चौथी पास. तिनं एकदा मला कॉम्प्युटरवर माझं घर दाखवलं. "आत काय शिजतंय ते दिसतं का?" विचारल्यावर खूप हसली. मग एका उन्हाळ्यात तिनं कचेरीला चाकणपुढचं आमचं गाव हिरवं दाखवलं. तळ्याकडं ओल आहे, टँकर नको. ते हिरवं म्हणजे जलपर्णी होती, खाली नुसता चिखल. मी फोन केला. "मावशी, फोटो खोटं बोलत नाही गं." "मग फोटोतलं पाणी पी," म्हटलं. ती येऊन बघेपर्यंत टँकर बंद झाला होता, आणि उपसरपंच नानाची म्हैस पाण्याच्या आशेनं तळ्यात उतरून रुतून मेली होती.

चूक तिनं दुरुस्त केली, टँकर आला. पण नाव पडलं ते पडलंच. पुढं प्रत्येक सुट्टीला ती माझ्याकडं येऊन गमबूट घालून तळ्यात उतरायची, लोखंडी सळई खुपसून फोटो आणि जमीन ताडून बघायची. गाळ कुठं काढायचा, आणि खाली फुटका खडक असल्यानं कुठं हात लावायचा नाही, याचा नकाशा तिनं केला. ग्रामसभेत नाना म्हणाला, "बाई, आमची म्हस दिसती का यात?" सगळे हसले. शैलाही कसनुसं हसली... तिनं नको म्हटलेल्या जागीच नानानं आणि गावानं मुद्दाम जेसीबी घातला. पावसाळ्यात भरलेलं तळं दिवाळीआधी खाली झिरपून गेलं.

पुढं ती अंथरुणाला खिळली. हाडं राहिली तरी विचारायची, "नकाशा घेतला का गं कोणी?" मी खोटं बोलले नाही. "नाही," म्हटलं. तिनं भिंतीकडं तोंड केलं...

स्मशानात नाना म्हणाला, "आता वरनंच बघ म्हणावं."

गेल्या आठवड्यात तोच दारात. "काकू, शैलाताईंचा नकाशा तुमच्याकडं हाय म्हणं?" मेल्यावर ताई झाली. नकाशा दिला, पाणी मलाही लागतं. दाराआडचे तिचे बूटही पुढं ठेवले. "नुसता कागद बघून खणू नका. आधी उतरून बघा. तिला हे कळायला तुमची म्हैस मरावी लागली."

बूट त्याच्या पायात जाईनात.

"मग अनवाणी उतरा," म्हटलं.

खाली मान घालून तो गेला. बूट परत दाराआड ठेवलेत. चिखल तसाच आहे. धुवायला पाणी कुठं आहे?