काकांचा तरंग

मला पुण्यात टिकवलं ते आमच्या घरमालक काकांनी, आणि पुण्यातून पळून जावंसं वाटलं तेही त्यांच्याचमुळे. अख्ख्या कर्वेनगरात इतका मायाळू आणि इतका छळवादी माणूस दुसरा नसेल. काका संस्कृतचे निवृत्त मास्तर. नववीत शाळा सोडून वाशिमहून आलेल्या मला त्यांनी ओळखदेख नसताना खोली दिली, पण खोलीबरोबर रोज एका शब्दाची फोडही दिली. नळाला पाणी नाही म्हणावं, तर आधी 'नळ' कुठून आला ते ऐकायचं. तोवर आलेलं पाणी जायचं. मंडईत त्यांनी एकदा पडवळाचं मूळ काढलं, तेव्हा भाजीवाली म्हणाली, "मूळ घरी राहिलं आजोबा, पडवळ घ्यायचंय का?"

दुसरा नेम झोपेचा. दुपारी एक ते चार फोनचा रिसीव्हर काढून ठेवलेला. "ज्याला मरायचंय त्यानं चारनंतर मरावं," म्हणायचे.

तेव्हा हिंजवडीत नव्या कंपन्या येत होत्या. एकीत मी ड्रायव्हरच्या जागेसाठी भेटून आलो होतो. निरोप काकांच्या फोनवर यायचा होता. सकाळी आला. फोन काकांनीच घेतला. कंपनीचं नाव इंग्रजी, अर्थ म्हणे लाट. झालं!

"अहो, आपल्याकडे तरंग आहे की! 'तॄ' धातू. तरणं, पार जाणं. पाणी जागच्या जागी वरखाली होतं, पार जातो तो तरंग."

मी समोर हात जोडून उभा. "काका, नोकरीचं विचारा ना जी!"

"थांब रे, लाटेला ऊर्मीही म्हणतात, ती राहिली अजून."

पलीकडून फोन आपटला गेला.

"अर्धवट ऐकून ठेवला! रीत म्हणून नाही," काका माझ्यावरच डाफरले. माझ्याकडे त्या साहेबाचा नंबरही नव्हता. मी न जेवता पिशवी भरली आणि भर दुपारी खोलीची किल्ली द्यायला खाली उतरलो.

दार उघडं. काका फोनशेजारी खुर्चीत ताठ बसलेले. झोपेनं मान तेवढी पुढंमागं हेलकावत होती. रिसीव्हर जागेवर, त्यावर त्यांचा हात. घंटा वाजली तसे दचकले.

"हो, हो, आहे तो इथंच. सकाळी चुकलं माझं. मुलगा चांगला आहे हो, ठेवा त्याला." तरंगाचं अवाक्षर नाही. माझ्या हाती रिसीव्हर देत म्हणाले, "बोल. आणि ती पिशवी वर नेऊन ठेव."

काकांनी समुद्र कधीच पाहिलेला नाही, हे मला पुढे कळलं. आज चालवतो ती गाडी कंपनीची. स्वतःची घेईन, तेव्हा त्यांना पुढच्या सीटवर बसवून कोकणात नेणार आहे. वाटेत सगळे धातू ऐकून घेईन, ऊर्मीसकट. एक ते चार मात्र गाडी झाडाखाली उभी.