पोथी मरणावर ठेवत नसतात

पुस्तकात लिहिणाऱ्या वाचकांवर माझा फार राग. वडवणीच्या आमच्या लहानशा वाचनालयात मी वीस-एक वर्षं पुस्तकं देते-घेते, आणि प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘पुस्तकात काही लिहू नये’ असा शिक्का मी स्वतः मारलेला आहे. लोक शिक्क्याच्या खालीच लिहितात. एका मोठ्या, नावाजलेल्या कादंबरीकाराच्या एका कादंबरीचे तर इतके हाल केलेत की विचारू नका. नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक पुन्हा माझ्याशीच भांडायला येतील.

सासरी मार खाणारी एक मुलगी भर दुपारी एक पिशवी घेऊन माहेरी येते. आई दार अर्धंच उघडते आणि म्हणते, “आजच्या दिवस जा, मग बघू.” मुलगी परत जाते आणि शेवटच्या पानावर मरते. एवढीच गोष्ट. पण आईच्या त्या वाक्यापाशी आमच्या प्रतीत निळ्या शाईत कुणीतरी लिहिलंय, ‘बरोबर केलं आईने’. त्याच्याखाली पेन्सिलीने दुसऱ्या कुणी, ‘तुझी मुलगी असती तर?’ अक्षरांवरून माणसं ओळखायचा मी खूप प्रयत्न केला. सापडली असती तर दोघांनाही झापलं असतं.

ही कादंबरी मी आमच्या गल्लीतल्या बायकांना वाचून दाखवायला घेतली ती श्रावणातली पोथी संपल्यावर. महादेवाच्या सभामंडपात रोज दुपारी जमायची सवय लागली होती, ती मोडवेना. “बाई, आता तुमच्याकडचं कायतरी वाचा,” असं बांगड्यांच्या दुकानवाल्या मावशी म्हणाल्या, म्हणून मी हे पुस्तक नेलं. मावशींनी ते पोथीच्याच फडक्यात बांधलं, पोथीच्याच पाटावर ठेवलं. मला हसू आलं. पण हसले असते तर माझं काही खरं नव्हतं.

या मावशींची लेक गेल्या दिवाळीपासून माहेरी होती. आली तेव्हा तिच्या एका हातावर मनगटापासून कोपरापर्यंत वळ होते. मावशी अख्ख्या तालुक्याच्या नवऱ्या मुलींना चुडा भरतात, आणि त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या त्या हातात महिनाभर बांगडी चढली नाही. तरी आल्यागेल्याचं एकच, “लेकीला नांदायला कधी धाडता?” दीर, जावा, गिऱ्हाइकं, सगळी. मावशी विधवा बाई, एकटी. त्यांनी दोनदा मुलीची पिशवी भरली आणि दोनदा रिकामी केली, हे मला ठाऊक होतं. तिसऱ्यांदा भरलेली पिशवी कोपऱ्यात तशीच होती, आणि मुलगी रोज तिच्याकडे बघत शिलाईच्या मशीनवर बसायची.

तरीही हेच पुस्तक मी का नेलं? खरं सांगते, मुद्दाम नेलं. ‘लेकीला धाडू नका’ असं तोंडाने सांगायची माझी हिंमत नव्हती.

शेवटच्या पानावर आम्ही पोचलो आणि घोळ झाला. ती मुलगी मेली, मी ते वाक्य वाचलं, आणि बाहेर कुणीतरी ओरडलं, “नळ आले!” आमच्याकडे आठवड्यानं पाणी येतं. मरणारीला तिथंच सोडून सगळ्या बाया घागरी घ्यायला पळाल्या. मीही पळाले, कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सगळ्या जमल्या त्या तोंडं पाडून. कारण पोथी मरणाच्या अध्यायावर ठेवत नसतात. कुणाचा जन्म, कुणाचं लग्न, कुणी वनातून घरी परत येईपर्यंत पुढं वाचायचं, मगच फडकं बांधायचं, ही आमच्याकडची रीत. नाहीतर ते मरण वाचणाऱ्याच्या घरात बसून राहतं म्हणतात.

“वाचा म्होरलं,” मावशी म्हणाल्या.

“पुढं काही नाही, मावशी. पुस्तक संपलं.”

“पानं हायत की अजून.”

मी पान उलटलं. पुढच्या पानावर लेखकाच्या इतर पुस्तकांची यादी होती. तीही त्यांनी मला वाचायला लावली, न जाणो त्यात काही बरं निघेल. मग कुणीतरी सुचवलं, मागं जाऊ, तिच्या लग्नाचा अध्याय वाचू आणि तिथं थांबू.

“लगनावर?” मावशी तडकल्या. “तिथूनच तर तिच्या मरणाला सुरवात झाली!”

मग त्याच म्हणाल्या, “दाराच्या पानावर चला, बाई. तिथं ती जित्ती हाय. आन् दार उघडा.”

“म्हणजे?”

“आईनं दार सगळं उघडलं, असं वाचा.”

मला रागच चढला. मी म्हटलं, छापलेलं मला बदलता येत नाही, पोथीतलं अक्षर आपण बदलतो का? मावशी म्हणाल्या, “पोथी देवाची. ही तर एका माणसानं लिव्हली ना? मग त्या माणसालाच इचारा, कावून मारली ते. तवर पोथी उघडी ऱ्हाईल.” आणि समाप्ती न करताच त्या पुस्तक आपल्या घरी घेऊन गेल्या. वाचनालयाचं पुस्तक! नियम सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

त्याच महिन्यात त्या कादंबरीकारांचा बीडला सत्कार होता. मी सकाळच्या एसटीने गेले. सभागृह गच्च भरलं होतं. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. मी चिठ्ठी दिली. निवेदकाने लेखनाच्या वेळेबद्दल, आवडत्या पेनाबद्दल, पुढच्या पुस्तकाबद्दल विचारलं आणि “वेळेअभावी” म्हणून आवरतं घेतलं. मी उभी राहिले. मागून कुणीतरी पदर ओढला. निवेदक म्हणाले, “ताई, बसून घ्या.” मी वडवणीहून काय आवडतं पेन ऐकायला आले होते? बसले नाही. माईक नव्हता, पण वर्गावर ओरडावं तसं मोठ्याने विचारलं, “ती मुलगी तुम्ही का मारली?”

ते चांगले गृहस्थ आहेत. रागावले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, “तिचं मरण ही कथेची गरज होती.” टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही. त्यांच्या लेखणीपुढे मी आजही हात जोडते, पण त्या दिवशी परतीच्या गाडीत मी स्वतःशीच भांडत होते.

मावशी दुकानात चुडा भरत होत्या. मी त्यांना उत्तर जसंच्या तसं सांगितलं. समोरच्या मुलीच्या हातावरून त्यांनी नजर काढली नाही.

“त्यांची गरज आसंल,” त्या म्हणाल्या. “माजी न्हाई.”

पुढच्या रविवारी दुपारी त्यांचा निरोप आला, ‘लगोलग या.’ गेले तर बैठकीत जावई मान खाली घालून आणि त्याच्यासोबत चार मानाची माणसं. पुस्तक कोनाड्यात, फडक्यात. पिशवी दाराशी आणून ठेवलेली. चहा झाला. झालं गेलं विसरा, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतं, हे सगळं म्हणून झालं. मावशी ऐकत होत्या, बोटं पदराशी चाळवत होत्या. मग त्यातला सगळ्यात वयस्कर, सगळ्यात गोड बोलणारा माणूस म्हणाला, “आक्का, आजच्या दिवस धाडा तर खरं. मग बघू.”

त्या माणसाने ते पुस्तक पाहिलंही नसेल.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. “बाई, दाराच्या पानावर ह्येच लिव्हलंय न्हवं?”

“हेच आहे,” मी म्हटलं. “शब्दाला शब्द.”

त्या उठल्या, दाराशी गेल्या, पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत मशीनशेजारी नेऊन ठेवली. मुलगी बाहेर आली होती. ती म्हणाली, “मी न्हाई यायची.” मावशी तिच्या शेजारी उभ्या राहिल्या. “ऐकलं न्हवं? चहा झालाय. या आता.” चार माणसांनी आणखी अर्धा तास खर्ची घातला. मावशी बसल्याच नाहीत. शेवटी ती माणसं चपला शोधायला लागली.

मंगळवारी सभामंडपात समाप्ती केली. मी दाराचं पान वाचलं, छापलंय तसंच, एक अक्षर न बदलता. या वेळी मावशींनी हट्ट धरला नाही. नारळ फुटला, खोबरं-साखर वाटली, आणि पुस्तक माझ्या हातात आलं.

फडकं सोडताना लेक जवळ आली. पुस्तक घरी होतं तेव्हा त्या पानावरच्या दोन्ही ओळी तिने कितीदा तरी वाचल्या असणार. “बाई, मी लिहू का एक?”

शिक्का माझाच. नियम माझाच. मी पर्समधून पेन्सिल काढून दिली.

‘तुझी मुलगी असती तर?’ याच्याखाली तिने सावकाश लिहिलं, ‘मी आईच्या घरी आहे.’